उसना दिलेला दीपस्तंभ

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे. कोणाचं गोदाम जळालं, कोणाची गाडी खड्ड्यात गेली, कोणाच्या दुकानात पाणी शिरलं, की हे तिथे हजर. राखेत काडी घालून बघायचे, भिंतीवरची ओल बोटाने खरवडायचे आणि समोरच्याला एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तोंडांनी विचारायचे. माणूस वाईट नव्हता. पण वीस वर्षं रोज कोणी ना कोणी आपल्याला फसवायला बघतंय म्हटल्यावर नजर तशीच होऊन बसते. दूध उतू गेलं तरी हे आधी विचारणार, गॅसजवळ शेवटचं कोण होतं?

हे नाव त्यांना मिळालं ते काकूंच्या दुकानात. काकूंचं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी कार्डांच्या खेळाची स्पर्धा भरायची. हे साधे पत्ते नव्हेत. कंपनी बंद पाकिटात कार्डं विकते; आत काय निघेल ते नशीब. प्रत्येकाने आपापली कार्डं जमवायची, त्यांतून आपला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा आणि समोरच्याशी भिडायचं. जी कार्डं जोरदार ती दुर्मिळ, आणि जी दुर्मिळ त्यांचे भाव असे, की ऐकूनच माणसाने खाली दुकानात जाऊन गुपचूप खोडरबर घेऊन घरी परतावं.

पंचनाम्यांकडे असं एक कार्ड होतं. दीपस्तंभ. निळ्याकाळ्या समुद्रात एकटा उभा मनोरा आणि त्याचा पिवळा झोत. हे कार्ड खाली ठेवलं, की समोरच्याच्या हातातली सगळी कार्डं उघडी करून बघता येत. तरुणपणी, खेळ नवा होता तेव्हा, पंचनाम्यांना ते एका साध्या पाकिटात निघालं होतं. आज त्याची किंमत त्यांच्या मेहुण्याच्या तीन पगारांएवढी झाली होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बारक्या म्हणत. आता सहा फूट उंच झाला होता, दारातून वाकून आत यायचा, तरी बारक्याच. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. खेळाचा नाद त्याला भाऊजींनीच लावला आणि दोन वर्षांत तो भाऊजींना हरवायलाही लागला.

बारक्याकडे खरी कार्डं फारशी नव्हतीच. तो प्रॉक्सी वापरायचा. कॉलेजात एकाच्या जागी दुसरा हजेरी देतो ना, तसलाच प्रकार. खऱ्या कार्डाचं चित्र छापायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि त्याच्या जागी खेळायचं. काकूंनी नियम केला होता, की कोपऱ्यात लाल खूण असेल तर मंगळवारी कितीही प्रॉक्सी चालतील. या नियमावरून पंचनाम्यांनी वर्षभर डोकं खाल्लं होतं.

"उद्या कोणीही उठेल आणि दहा दीपस्तंभ छापून आणेल," ते म्हणायचे. "मग खऱ्याला किंमत काय राहिली?"

"खेळायला डोकं लागतं की तिजोरी?" काकू विचारायच्या. "आणि तुम्हाला ते मिळालं तेव्हा चहाच्या पैशात मिळालं. ते तुमचं कर्तृत्व नव्हे हो, वय आहे."

खोलीत हशा पिकायचा. पंचनामे हसायचे नाहीत.

मग बारक्याची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. तिथे कंपनीचे पंच असतात आणि प्रॉक्सी चालत नाही. प्रत्येक कार्ड खरंच लागतं. इकडून तिकडून, चार मित्रांकडून बारक्याने डेक जमवला. एक दीपस्तंभ तेवढा राहिला. त्याने स्वतः मागितला नाही. बहिणीने मागितला.

"अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि कठीण गोष्ट गोड बोलून गळी उतरवणं तिला रोजचंच होतं. "कपाटात पडूनच असतो ना तुमचा दीपस्तंभ? माझ्या भावाच्या हातात जरा उजेड पडू दे."

पंचनाम्यांनी दिला. पण कसा दिला! आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मग बारक्याला समोर बसवून सांगितलं, प्लास्टिकच्या कव्हरातून काढायचं नाही, पंचांनी मागितलं तर काढताना आपण समोर असायचं, जेवताना डेक टेबलावर सोडायचा नाही, बसमध्ये वरच्या फळीवर ठेवायचा नाही. बारक्या मान डोलवत राहिला. शेवटी पंचनामे म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतोय," आणि पुन्हा एकदा फोटो काढला.

स्पर्धा झाली. बारक्या पहिल्याच दिवशी हरून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्याने कार्ड परत दिलं. "काय, चालला का दीपस्तंभ?" पंचनाम्यांनी विचारलं.

"हो... छान चालला," बारक्या म्हणाला, आणि बहिणीकडे बघितल्यासारखं करून पाणी प्यायला उठला.

पंचनाम्यांच्या कानांनी ते 'हो' आणि 'छान' यांच्यातलं अंतर टिपलं. असली अंतरं ऐकण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

त्यांनी कार्ड दिव्याखाली धरलं. कव्हर नवं होतं. जुनं कव्हर कडेला पिवळसर झालेलं होतं, त्यावर एक बारीक चरा होता. हे कव्हर कोरं करकरीत. त्यांनी कार्ड बाहेर काढलं. बोटांना ते गुळगुळीत वाटलं, जरा ताठ. दीपस्तंभाचा झोत फोटोत होता त्यापेक्षा फिकट दिसत होता. की फोटोच गडद आला होता?

त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. तपास चालू असताना तोंड उघडायचं नसतं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम.

पुढचे काही आठवडे त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ऑफिसातलं भिंग त्यांनी घरी आणलं. छपाईचे ठिपके बघितले. कार्ड वजनकाट्यावर ठेवलं, काटा हललाच नाही. भिंतीवर विजेरीचा झोत पाडून मध्ये कार्ड धरलं. कधी वाटायचं खरं आहे, कधी वाटायचं कोणीतरी फार हुशारीने आपल्याला उल्लू बनवलंय. खात्रीची खूण एकच होती आणि ती त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती. खऱ्या कार्डाच्या पोटात एक पातळ निळा थर असतो. नकली कार्ड आतून पांढरं निघतं. पण तो थर बघायचा तर कार्ड फाडावं लागतं.

एकदा ते सासूबाईंकडे गेले तर मोरीशेजारी नवं कपडे धुण्याचं मशीन.

"बारक्याने घेतलं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणाला, आई, तुझे हात दुखतात, आता पुरे."

"वा," पंचनामे म्हणाले. मशीनचं झाकण उघडून त्यांनी आत बघितलं, जणू दीपस्तंभ तिथेच गरगर फिरत असेल. "रोख घेतलं का हप्त्यांनी?"

"मला काय माहीत बाई. तुम्हीच विचारा त्याला."

त्यांनी विचारलं नाही. मनात जोडणी मात्र केली. नवं कव्हर, अडखळलेलं 'हो', आणि आता हे मशीन. गोदाम जळायच्या आधल्या महिन्यात मालकाने नवी गाडी घेतली, की ते असंच मनाच्या कोपऱ्यात टाकून ठेवायचे.

शेवटचा खिळा ठोकला तो दाढीवाल्याने. हा मंगळवारच्या स्पर्धेतलाच एक, विभागीय स्पर्धेला तोही गेला होता. काकूंच्या जिन्यात पंचनाम्यांनी त्याला गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या मेहुण्याचा दीपस्तंभ कसा काय चालला तिकडे?"

"दीपस्तंभ?" दाढीवाला म्हणाला. "त्याने कुठे वापरला? माझ्याशीच तर हरला तो. मी म्हटलं पण, अरे, तुझ्या भाऊजींचा दीपस्तंभ असता तर मला धुतलं असतंस. तर नुसताच हसला."

पंचनामे जिन्यातच उभे राहिले. म्हणजे कार्ड स्पर्धेत नव्हतंच. मग दोन दिवस होतं कुठे? आणि परत आलं ते काय आलं? सगळं लख्ख दिसायला लागलं. खरं कार्ड कोणाला तरी विकलं, छापखान्यातून त्याची नक्कल करून घेतली, पंचांसमोर न्यायची छाती झाली नाही म्हणून वेगळ्याच कार्डावर खेळला, आणि नक्कल नव्या कव्हरात घालून भाऊजींच्या हातावर ठेवली. त्यांना राग आला. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली थोडं समाधानही होतं. आपलं नाक चुकलं नव्हतं.

त्या मंगळवारी खोली भरलेली होती. डाव संपून लोक कार्डं आवरत होते. पंचनाम्यांनी खिशातून दीपस्तंभ काढला आणि बारक्यासमोर टेबलावर ठेवला.

"हे कव्हर कधी बदललं?"

बारक्याने वर बघितलं. "काय?"

"स्पर्धेला जाताना कव्हर जुनं होतं. येताना नवं. मध्ये काय झालं?"

"भाऊजी, घरी बोलू या ना."

"इथे काय अडचण आहे? इथे सगळे जाणकार आहेत." आपला आवाज ऑफिसातल्यासारखा झाला आहे हे पंचनाम्यांना कळत होतं, पण तो आता मागे घेता येत नव्हता. "छान चालला म्हणालास. दाढीवाला म्हणतो तू तो खेळलाच नाहीस. मग दोन दिवस कार्ड कुठे होतं?"

दाढीवाल्याने मान खाली घातली. बारक्याचे कान लाल झाले.

"खेळलो नाही, हे खरं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो. पण मी विकलं नाही, बदललं नाही. यापुढे मी काही सांगणार नाही."

"का नाही सांगणार?"

"कारण तुम्ही विचारत नाही आहात. तुम्ही पकडताय."

काकू जिन्यापाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "अहो, कार्ड कंपनीकडे पाठवा तपासायला. महिनाभर लागेल, पण काय तो सोक्षमोक्ष होईल. इथे तमाशा कशाला?"

"महिनाभर कशाला?" बारक्या उठून उभा राहिला. त्याचं डोकं दिव्याला लागेल की काय असं वाटलं. "फाडून बघा. निळं निघालं तर खरं, पांढरं निघालं तर मी चोर. फाडा."

पंचनाम्यांना असली आव्हानं नवी नव्हती. स्वतःच्या गोदामाला स्वतःच काडी लावणारा एक व्यापारी असाच म्हणाला होता, खणून बघा साहेब, सगळी राख उपसा! त्याला वाटलं होतं, कोण उपसतंय. पंचनाम्यांनी उपसली होती, आणि रॉकेलचा डबा सापडला होता. खोटा माणूस नेहमी तीच परीक्षा पुढे करतो, जी समोरचा घेणार नाही अशी त्याची खात्री असते.

त्यांनी कार्ड कव्हरातून काढलं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं. काकू म्हणाल्या, "अहो, थांबा—"

आवाज फार मोठा झाला नाही. मनोऱ्याच्या बरोबर मधून कार्ड फाटलं. पंचनाम्यांनी फाटलेली कड दिव्याकडे धरली.

कडेतून एक निळी रेघ सरळ गेलेली होती. पेन्सिलीने आखल्यासारखी.

कोणी हसलं नाही. पंचनाम्यांनी दुसरा तुकडा बघितला, जणू त्यात वेगळं काही निघेल. तिथेही निळंच. बारक्याने आपला डेक डब्यात भरला, पिशवी खांद्याला लावली आणि दारात वाकून तो निघून गेला. जिन्यावरून उतरतानाचा त्याच्या पायांचा आवाज सगळ्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

शेवटी काकू म्हणाल्या, "चिकटपट्टी देऊ का?" त्यांना चेष्टा करायची नव्हती. त्यांच्या दुकानात चिकटपट्टी होती आणि दुसरं काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं.

घरी आल्यावर पंचनाम्यांनी दोन तुकडे बायकोसमोर ठेवले आणि झालेलं सगळं सांगितलं, दाढीवाल्यापासून निळ्या रेघेपर्यंत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"माझ्याकडे होतं ते," ती म्हणाली.

"काय?"

"कार्ड. तो घेऊनच गेला नाही. तुम्ही त्याला एवढी तंबी दिलीत, एवढे फोटो काढलेत, की निघायच्या दिवशी सकाळी तो औषधांच्या दुकानात आला आणि म्हणाला, ताई, हे तू ठेव. हे जवळ असलं तर माझं सगळं लक्ष याच्यातच राहील, मी खेळणार काय? भाऊजींना मात्र सांगू नकोस, त्यांना वाटेल त्यांच्या कार्डाला नाही म्हटलं. माझ्या कपाटात स्वेटरांच्या खाली होतं दोन दिवस. तो आला तेव्हा दारातच त्याच्या हातात परत दिलं."

"आणि कव्हर?"

"चिकट झालं होतं जुनं. मी स्पिरिटने पुसायला गेले तर पांढरं फटक पडलं. म्हणून नवं आणून घातलं." ती खाली बसली. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

पंचनाम्यांना बोटांना लागलेला तो गुळगुळीतपणा आठवला. कार्ड बदललेलं नव्हतंच. इतकी वर्षं ते कव्हरात होतं, त्यांनी उघड्या बोटांनी त्याला कधी हातच लावला नव्हता. खरं कार्ड हाताला कसं लागतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"मशीन?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं मशीन? आईचं? अहो, सहा महिने दोन जास्तीच्या इमारती सांभाळतोय तो त्याच्यासाठी!" आता तिचा आवाज चढला. "तुम्ही इतके दिवस घरात भिंग घेऊन फिरत होतात. मला वाटलं, कौतुकाने बघताय. एकदा तरी मला विचारायचं होतंत. सगळ्या गावाला विचारलंत, मला का नाही?"

तिला विचारायचं पंचनाम्यांच्या मनात आलं होतं, आणि मग दुसरा विचार आला होता, की भावाची बहीण आहे, सांगेल त्यात किती खरं असेल? हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला ते कळायला तोंडाची गरज नव्हती. तिने घड्या उचलल्या आणि आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, "मी मध्ये पडणार नाही. त्याच्याकडे तुम्हीच जा."

पंचनामे दोन दिवस टाळत राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले. बारक्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत काम करत होता. लिफ्ट बंद, म्हणून ते धापा टाकत सगळे मजले चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले. आत ग्रीसचा वास होता. बारक्या मोठ्या चाकाशेजारी उकिडवा बसून, हाताला फडकं गुंडाळून तारेचा दोर तपासत होता. एका जागी एखादा बारीक धागा जरी तुटलेला असला तरी फडक्याला अडकतो, म्हणून तो दोर इंचाइंचाने हातातून सरकवत होता.

"ताईने सांगितलं मला," पंचनामे म्हणाले. "चुकलं माझं."

बारक्याने मान हलवली. वर बघितलं नाही.

"सगळ्यांसमोर बोललो तेही चुकलं. मंगळवारी सगळ्यांसमोरच सांगेन तसं."

"सांगा."

यापुढे काय बोलायचं ते पंचनाम्यांनी जिन्यात ठरवलं नव्हतं. पण एक प्रश्न त्यांच्या मनात तीन दिवस ठसठसत होता, आणि माफी मागायला आलेल्या माणसाने तो विचारू नये हे कळत असूनही त्यांनी विचारला.

"तुला ठाऊक होतं ना, ते खरं आहे म्हणून? मग फाडा का म्हणालास? थांबवलं का नाहीस?"

बारक्याने दोर सोडला. पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"वाटलं, तुम्ही थांबाल," तो म्हणाला.

पंचनाम्यांना वाटलं होतं, तो म्हणेल रागाच्या भरात बोललो, किंवा म्हणेल तुम्हाला धडा शिकवायचा होता. त्या दोन्ही उत्तरांवर पुढचे प्रश्न त्यांच्याकडे तयार होते. या उत्तरावर एकही नव्हता. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. खाली कुठल्यातरी मजल्यावर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, पुन्हा पुन्हा.

"कार्डाचं वाईट वाटतं का?" बारक्याने विचारलं.

"वाटतं," पंचनामे म्हणाले. "पण त्याचं सगळ्यात कमी."

बारक्याने विजेचा खटका वर केला. चाक घरघरलं. त्याने हात पुसले, गच्चीखालच्या मजल्यावर उतरून लिफ्टचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. "या. एवढे मजले पुन्हा चालू नका, या वयात."

पंचनामे मागोमाग दारापाशी आले आणि थबकले. त्यांनी आधी वर बघितलं, मग खाली फटीतून अंधारात. "दोर... ठीक आहे ना तो सगळा?"

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बारक्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू आवरेना. तो भिंतीला धरून हसला. पंचनाम्यांनाही हसू आलं, ओशाळलेलं, पण आलं.

"मीही येतो सोबत," बारक्या म्हणाला. "पडलो तर दोघे पडू. मग तपासाला तुमच्या ऑफिसातून कोणाला पाठवतील ते बघू."

दोघे खाली आले. खाली आल्यावर बारक्या पुन्हा कामाला वर गेला. चहा घेऊ म्हणाला नाही. मंगळवारी पंचनाम्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. बारक्या त्या दिवशी आला नव्हता, त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. बहिणीकडे जेवायला यायलाही त्याला वेळ लागला. आला तेव्हा पंचनाम्यांनी दार उघडलं, आणि उशीर का झाला ते विचारलं नाही.